ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांसाठी कारचे टायर निवडताना: पकड, झीज आणि खर्च यांचा मेळ

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक गाडीमालक दुकानात दोन प्रश्न घेऊन जातात: कंपनी कोणती चांगली आणि चार टायर कितीला पडतील. माझ्या मते त्याआधी आपली गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते, हे पाहायला हवे. सर्व्हिसिंगच्या बिलावर तारीख आणि ओडोमीटरचा आकडा छापलेला असतो. दोन बिलांतल्या आकड्यांची वजाबाकी केली की उत्तर मिळते. पकड, झीज आणि किंमत या तिन्हींचा हिशेब या एका आकड्यावर उभा राहतो. तो हाताशी नसेल, तर दुसऱ्या कोणाच्या गरजेसाठी बनवलेला टायर आपल्या गाडीला लागण्याचीच शक्यता अधिक असते.

टायर दोन प्रकारे संपतो. एक तर नक्षी झिजून तो गोटा होतो, किंवा नक्षी शिल्लक असतानाच त्याचे रबर म्हातारे होते. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांच्यामुळे रबराची लवचीकता हळूहळू कमी होते, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा दिसू लागतात आणि नक्षी पुरेशी खोल असूनही ओल्या रस्त्यावरची पकड घटते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्या आणि दहा वर्षांनंतर टायर कितीही चांगला दिसला तरी बदला, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. आपल्याकडे बऱ्याच गाड्या वर्षभर सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभ्या असतात आणि एप्रिल-मेचे ऊन सोसतात. अशा गाडीसाठी मी सहा वर्षे हीच व्यवहाराची मर्यादा धरतो.

आता इथला वापर पाहा. ठाण्यातल्या किंवा खारघर-नेरुळमधल्या ज्या घरात रोजचा प्रवास लोकलने होतो, तिथे गाडी शनिवार-रविवारी आणि सणासुदीला गावी जाण्यासाठी बाहेर निघते. तिची वर्षाची धाव बरेचदा सहा-सात हजार किलोमीटरच्या पुढे जात नाही. घोडबंदर रोडवरून रोज महापे किंवा ऐरोलीला गाडीनेच नोकरीला जाणाऱ्याची धाव सहज पंधरा हजारांच्या घरात जाते, आणि भाड्याने चालणाऱ्या गाडीची तर त्याच्याही पुढे. या तिघांनी एकच टायर घ्यावा, असे मला वाटत नाही.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू; यातले किलोमीटर पावसाळ्यापुरती नक्षी शिल्लक असेपर्यंतचे आहेत. एकाच मापाचे दोन टायर आहेत. पहिला जास्त टिकणारा, ५,४०० रुपयांचा, ६०,००० किलोमीटर चालणारा. दुसरा मऊ रबराचा, ओल्यात चांगला थांबणारा, ६,६०० रुपयांचा, ४०,००० किलोमीटर चालणारा. वर्षाला ६,५०० किलोमीटर चालणारी गाडी सहा वर्षांत ३९,००० किलोमीटर धावते, म्हणजे दोन्ही टायर झिजण्याआधी वयाने बाद होतात. पहिल्याचा वर्षाचा खर्च ९०० रुपये आणि दुसऱ्याचा १,१००. चार टायरांचा फरक वर्षाला अवघा ८०० रुपये. पहिला टायर घेणाऱ्याने २१,००० किलोमीटरचे असे आयुष्य विकत घेतलेले असते, जे तो कधीच वापरणार नाही, आणि त्यासाठी त्याने पावसातली पकड सोडलेली असते. वर्षाला १५,००० किलोमीटर धाव असेल तर हाच फरक चार टायरांमागे ४,५०० रुपयांवर जातो आणि २४,००० किलोमीटर असेल तर ७,२०० रुपयांवर. म्हणून कमी धावणाऱ्या गाडीला निःसंकोच चांगल्या पकडीचा टायर लावावा, मधल्या धावेच्या गाडीने सुवर्णमध्य शोधावा आणि सर्वांत टिकाऊ टायर खरोखर खूप चालणाऱ्या गाडीलाच घ्यावा. मात्र या शेवटच्या गाडीनेही ओल्या रस्त्यावरच्या पकडीची एक किमान पातळी सोडू नये.

ओल्या रस्त्यावरची पकड

युरोपात उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या वर नीट काम करते आणि त्याखाली कडक पडते. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही तापमान इतके उतरत नाही, त्यामुळे आपल्याकडे बारा महिने उन्हाळी जातीचाच टायर योग्य ठरतो, आणि आपल्या दुकानांतले कारचे साधे टायर बहुतांशी त्याच जातीचे असतात. काही एसयूव्ही टायरांवर चिखल आणि बर्फासाठीचे ‘एम+एस’ असे चिन्ह असते. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीसाठी त्याचे वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही. आपला खरा ऋतू जून ते सप्टेंबर हा आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या चार महिन्यांत पडतो, आणि टायरची परीक्षा तेव्हाच होते.

कोरड्या रस्त्यावर बहुतेक नामांकित टायर समाधानकारक थांबतात. त्यांच्यातला फरक दिसतो तो ओल्यात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा ओल्या रस्त्याशी घर्षणांक (पकडीचे माप; जितका जास्त तितकी पकड चांगली) ०.७ धरला, तर ब्रेक लागल्यापासून ती सुमारे २० मीटरमध्ये थांबते, तोच ०.५५ धरला तर जवळजवळ २६ मीटर लागतात. मधले साडेपाच मीटर हे अख्ख्या हॅचबॅकच्या लांबीहून जास्त आहेत. पाम बीच मार्गासारख्या रुंद, सरळ रस्त्यावर वेग साठच्या वर सहज जातो, आणि वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते.

ही पकड दोन गोष्टींतून येते. पहिली म्हणजे रबराचे मिश्रण. ओल्या डांबरातल्या खडीच्या बारीक उंचवट्यांवर रबर दबते, सुटते आणि त्यात ऊर्जा खर्च होते; हाच खर्च गाडीला थांबवतो. पण रबर सतत अशी ऊर्जा खात राहिले तर पेट्रोलही जास्त लागते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने रबरात काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरायला सुरुवात केली, आणि कमी इंधन व ओल्यात चांगली पकड या दोन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये आणणे शक्य झाले. आज अनेक कंपन्या सिलिका वापरतात, पण तिचे प्रमाण आणि दर्जा सगळीकडे सारखा नसतो. चांगल्या टायरची किंमत काही अंशी इथे जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे नक्षीतल्या खाचा. टायरच्या परिघाभोवती गेलेल्या लांब, रुंद खाचा पाणी बाहेर काढतात. खाचांना पेलणार नाही इतके पाणी समोर आले की टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी होतात. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटरच उरलेली असते आणि टायर बदलणे भागच असते. पण साचलेल्या पाण्यातली पकड त्याच्या बरीच आधी कमी होते. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असलेले टायर मी ठेवू देणार नाही. म्हणजे ८ पासून ३ पर्यंतचे ५ मिलिमीटर हेच आपल्या कामाचे आयुष्य, आणि कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरमधून जवळपास एक पंचमांश वजा करूनच हिशेब मांडावा.

साइडवॉलवर काय वाचावे

दुकानात टायर आडवा ठेवून त्याची साइडवॉल उजेडात फिरवून वाचावी. १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल आणि रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचे चाक) १५ इंची. ८८ हा भारांक आहे. म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा, ‘टी’ म्हणजे १९० आणि ‘व्ही’ म्हणजे २४०. मूळ टायरपेक्षा कमी भारांक किंवा कमी वेगचिन्ह कधीही घेऊ नये. आपल्या भागात सीएनजी गाड्या पुष्कळ आहेत आणि सिलिंडरचे वजन मागच्या चाकांवर येते. विजेच्या गाड्या बॅटरीमुळे आणखी जड असतात. या दोन्ही प्रकारच्या गाड्यांत भारांकाशी तडजोड धोक्याची ठरते.

निर्मितीची तारीख ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंकांत असते: १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असू शकते, म्हणून दुसरी बाजूही पाहावी. सहा महिन्यांपर्यंतचा माल उत्तम आणि वर्षभराचाही चालेल, पण त्याहून जुन्यावर सूट मिळत असेल तर ती सूट तुमच्याच सहा वर्षांतून कापली जाते आहे, हे लक्षात घ्यावे. चारही टायरांची तारीख स्वतः वाचावी, एकाची पाहून थांबू नये.

काही टायरांवर अमेरिकी पद्धतीची तीन मापे असतात: झिजेचा अंक, पकडीची ‘एए’ ते ‘सी’ श्रेणी आणि उष्णतेची ‘ए’ ते ‘सी’ श्रेणी. पकडीची श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावून ठरते. वळणावरची पकड किंवा पाण्यावर तरंगण्याचा धोका तीत मोजला जात नाही. झिजेचा अंक कंपनी स्वतःच देते, म्हणून ४०० आणि ३०० ही तुलना एकाच कंपनीच्या दोन टायरांमध्ये उपयोगी पडते, दोन कंपन्यांमध्ये ती फसवी ठरू शकते. युरोपीय मान्यतेच्या क्रमांकाशेजारी ‘एस२डब्ल्यूआर२’ अशी अक्षरे असली तर आवाज, ओल्यातली पकड आणि लोळण्याचा विरोध (टायर फिरताना होणारा, इंधन खाणारा रोध) या तिन्हींच्या किमान कसोट्या टायरने पार केल्या आहेत. भारतातही केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढून याच तीन गोष्टींच्या कसोट्या लागू केल्या. ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार लेबल मात्र मुख्यतः इंधनबचतीसाठी आहे. पाच स्टार दिसले म्हणून ओल्यातली पकडही अव्वल असेल, असा अर्थ काढू नये.

कंपनीपेक्षा मालिका पाहा

‘अमुक कंपनीचे टायर टिकतात’ हे वाक्य अर्धवट आहे, कारण प्रत्येक मोठी कंपनी एकाच मापात दोन-तीन स्वभावांचे टायर बनवते. सिएटची मायलेझ मालिका आयुष्यासाठी आहे, तर सिक्युराड्राइव्ह चालवण्याच्या दर्जासाठी. अपोलोची अमेझर फोरजी लाइफ टिकाऊपणाकडे झुकते आणि अलनॅक पकड व आरामाकडे. गुडइयरची ड्युराप्लस जास्त किलोमीटरसाठी, तर ट्रिपलमॅक्स ओल्यातल्या ब्रेकिंगसाठी; ब्रिजस्टोनची स्टुर्डो मजबुतीसाठी, तर टुरान्झा आरामासाठी. दुकानदाराशी बोलताना कंपनीच्या पुढे मालिकेचे नाव घ्यावे आणि ‘यात पावसात चांगला थांबणारा कोणता, जास्त चालणारा कोणता’ असे सरळ विचारावे. चांगला दुकानदार दोन वेगळी नावे सांगतो. एकच टायर सगळ्यात सरस आहे असे जो सांगतो, तो बहुधा हातातला साठा खपवत असतो.

खड्डे, आणि मोठ्या रिमचा मोह

कंपनीने दिलेल्या मापापासून दूर जाण्याची हौस पुष्कळांना असते. मारुतीच्या बलेनोचेच उदाहरण घ्या: तिच्या खालच्या आवृत्तींना १८५/६५ आर १५ आणि वरच्यांना १९५/५५ आर १६ मापाचे टायर येतात. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, सुमारे ६२१ मिलिमीटर. पण पहिल्याची साइडवॉल १२० मिलिमीटर उंच आहे आणि दुसऱ्याची १०७. हे तेरा मिलिमीटर खड्ड्यात कामी येतात. पाऊस लागल्यावर घोडबंदरच्या सेवा रस्त्यांवर किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर गाडी आदळते तेव्हा टायर रिमच्या कडेपर्यंत दाबला जातो, आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी साइडवॉलवर फुगा दिसू लागतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. म्हणून एक इंच मोठे रिम घालून टायर बसका करणे या भागात मला महागडी चूक वाटते. दिसायला गाडी ऐटदार होते, पण टायर महाग पडतो, खड्ड्यात लवकर फुटतो आणि रुंद टायर पाण्यावर तरंगायलाही अधिक तयार असतो. माप बदलायचेच असेल तर बाहेरचा व्यास तीन टक्क्यांहून जास्त बदलू देऊ नये, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) कामातही गडबड होऊ शकते.

वॉरंटीचा विचार याच ठिकाणी करावा. साधी वॉरंटी निर्मितीतल्या दोषापुरती असते. खड्ड्याने झालेला कट किंवा फुगा तिच्यात बसत नाही. काही कंपन्या ठरावीक काळासाठी अनकंडिशनल वॉरंटी देतात आणि तीत, झिजलेल्या नक्षीच्या प्रमाणात पैसे कापून, असे नुकसानही भरून मिळते. पावसाळ्यात रोज गाडी काढावी लागत असेल तर दोन सारख्या टायरांपैकी अशी वॉरंटी असलेला मी आधी निवडेन.

भाव, जोडी आणि वेळ

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. भाव विचारताना कर, बसवण्याची मजुरी, बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे), अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि नवे व्हॉल्व्ह धरून एकच आकडा मागावा, कारण टायर स्वस्त सांगून बाकीच्यात वसूल करण्याची रीत सर्रास दिसते. तोच आकडा आणखी दोन ठिकाणी विचारावा आणि जुन्या टायरांचे किती धरणार हेही बोलून घ्यावे. सेकंडहॅंड टायरांच्या वाटेला जाऊ नये. त्यांचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो, आणि गोटा टायरवर नक्षी पुन्हा कोरून विकण्याचे प्रकारही घडतात.

खिसा पाहून दोनच टायर घ्यायचे असतील तर ते एकाच मालिकेचे घ्यावेत आणि मागच्या चाकांना लावावेत, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी का असेना. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर गाडी भोवरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. पुष्कळ दुकानांत नवे टायर सवयीने पुढे लावतात, तेव्हा हे आधीच सांगावे.

खरेदीला मेचा पहिला पंधरवडा उत्तम. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवून तो घासून जावा लागतो. हे काम कोरड्या रस्त्यावर व्हावे, पहिल्या सरीत नव्हे.

बसवल्यानंतर

हवेचा योग्य दाब चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, आणि तो थंड टायरचा असतो. साइडवॉलवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरू नये. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असली की मधला पट्टा. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाल्यापासून ठाण्याहून थेट नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर अखंड काँक्रीटवर ताशी १२० च्या मर्यादेने जाता येते. अशा प्रवासात कमी हवेचा टायर सतत दबून-सुटून तापतो, आणि जुने रबर ती उष्णता सोसत नाही. निघण्यापूर्वी घराजवळच्या पंपावर थंड असताना हवा तपासावी, सामान आणि माणसे भरून जाणार असाल तर पट्टीवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्यावा, आणि वाटेत टायर गरम असताना दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये. स्टेपनीची हवाही त्याच वेळी पाहावी.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट एकदा पुन्हा कसून घ्यावेत. बिलावर चारही टायरांचे क्रमांक लिहून घ्यावेत, कारण वॉरंटीसाठी तेच मागितले जातात. पुढे पाच हजार किलोमीटरला नक्षीची खोली मोजण्याच्या छोट्या गेजने आतली, मधली आणि बाहेरची खाच मोजावी, आणि तळहात नक्षीवरून आधी आतून बाहेर व मग बाहेरून आत हलका फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे दाते लागत असतील तर अलाइनमेंट बिघडलेले आहे, आणि ते तसेच राहिले तर साठ हजारांचा टायर तीस हजारांतही संपू शकतो. तिन्ही खाचा सारख्या असतील आणि पाच हजारांत अर्धा मिलिमीटर गेला असेल, तर ५ मिलिमीटरसाठी सुमारे पन्नास हजार किलोमीटर मिळतील असे धरून पुढचे आणि मागचे टायर आपसात बदलून घ्यावेत.